नीलेशचे अ‍ॅक्सेस पॉइंट आणि माझी पोटदुखी

बोईसरच्या एमआयडीसीत आमची कंपनी, आणि तिच्या आयटी डिपार्टमेंटमध्ये आम्ही दोघंच. तक्रार सुटली की रजिस्टरमध्ये ‘क्लोज्ड’ लिहितो, पण तिचा किस्सा काही क्लोज होत नाही, तो साठतच जातो. माझ्याकडच्या साठ्यात एकच खोट आहे. सगळ्यांत हिरो नीलेश! मी बारा वर्षं जुना, तो जवळच्या मुरबे गावचा, परवा-परवा आलेला. आयटी इन्चार्जची रिकामी खुर्ची मात्र एकच होती, म्हणून माझ्या पोटात दुखायचं.

*

कंपनीभर छताला नवे अ‍ॅक्सेस पॉइंट बसले. वायफाय देणारे पांढरे गोल डबे, मध्ये निळा दिवा. कामगारांना वाटलं कॅमेरे. कँटीनमध्ये माणसं खाली मान घालून जेवायला लागली.

मी नोटीस लावली, "हे कॅमेरे नाहीत."

वॉचमन म्हणाला, "नोटिस लगाया है, मतलब पक्का कॅमेरा है."

नीलेश त्या डब्याखाली बसून निवांत सुकट-भाकरी खाऊन आला. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये पुन्हा गोंगाट सुरू.

*

पूर्वी कोणी पाहुणा आला की मी त्याला ऑफिसचाच पासवर्ड कागदावर लिहून द्यायचो, वर चहा. नीलेशने पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं केलं. इंटरनेट मिळतं, पण आमच्या फायलींपर्यंत पोचता येत नाही, आणि तासाभराने आपोआप बंद.

साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "याला म्हणतात डोकं."

माझंही डोकं त्याच टेबलाला होतं.

*

नीलेशने घरच्या सुक्या बोंबलांची पिशवी दिली. बायकोने कालवण केलं, मी तीनदा घेतलं. मग ती म्हणाली, "आपलं वायफाय बेडरूममध्ये पोचत नाही. नीलेशभावोजींना विचारा ना."

चौथ्यांदा घेतलं नाही.

*

आता शेवटचा. गोदामात नेट येत नव्हतं. नीलेशने तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट मागितला होता, पण इन्चार्ज नसल्याने मंजुरीची सही अडकलेली. इन्चार्जचं नाव त्याच आठवड्यात ठरणार होतं. मी घरचा जुना राउटर आणला आणि गोदामातल्या कपाटामागे गुपचूप कंपनीच्या केबलला जोडला. गोदामवाल्यांना एवढंच सांगितलं की नेट मी सुरू केलं, कसं ते नाही. दोन दिवस ते माझं नाव घेत होते. काय गोड वाटलं म्हणून सांगू!

तिसऱ्या दिवशी अलार्म आला. हे नवे डबे आसपास अनोळखी राउटर दिसला की कळवतात, नकाशावर जागाही दाखवतात. नीलेशने हे सगळ्यांना समजावलं होतं. तेव्हा मी मुद्दाम चहाला गेलो होतो.

साहेब आम्हा दोघांना घेऊन गोदामात आले. "कोणी लावलाय? आजच कामावरून काढतो त्याला."

नीलेशने कपाटामागून राउटर काढला. त्यावर माझ्या अक्षरात माझं नाव आणि घरचा पासवर्ड चिकटवलेला. त्याने त्यावर हात ठेवला.

"सर, टेस्ट हाय ही. सिस्टीम पकडते का नाय ते बघायला दादांनीच लावलेला."

सोमवारी पत्र निघालं. आयटी इन्चार्ज, मी! स्वतःहून सुरक्षेची चाचणी घेतल्याबद्दल साहेबांनी खास कौतुकही केलं. पत्र माझ्या हातात होतं, आणि तरी हेवा मला नीलेशचाच वाटत होता.

तो पेढे घेऊन आला. म्हटलं, आता हा काहीतरी बोलणार.

"दादा," तो म्हणाला, "आता सही तुमचीच चालते. गोदामात खरा बसवूया?"