आबांचा गेलेला शब्द

सुमनचा फोन दुपारी आला तेव्हा मी धुळ्याला दुकानात होतो. "दादा, आबा गयात... बजारमा," एवढंच ती म्हणाली आणि रडू लागली. सुमन माझी मामेबहीण, आबा माझे मामा. सारं दोंडाईचा त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही. त्याला आता महिना होत आला, पण तिनं नंतर मला जे दाखवलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

आबा आचारी. त्यांच्या हातचं वांग्याचं भरीत असलं की वऱ्हाडी मानपान विसरत. मीठ मात्र दुसऱ्या कुणाला चाखू देत नसत, अंगावर धावून जात. अशाच एका लग्नात भरताचं पातेलं चुलीवरून कलंडलं आणि आबा कपाळावर हात मारून मटकन खाली बसले. "बठ्ठं गयं रे भो!" बठ्ठं म्हणजे सगळं. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं, आणि बघता बघता आबा धुळे-जळगावात घरोघर पोचले. मॅच हरली, निकाल लागला, पगार संपला, की आबा कपाळावर हात मारून हजर! सुरुवातीला तेही खूश होते. फोटो काढायला लोक रांग लावत आणि आबा पातेलं सोडून मिशी पिळत उभे. भरीत राहिलं बाजूला, मीम तेवढं उरलं.

मग मामी गेल्या. तिरडी उचलताना आबांना हुंदका फुटला, हात कपाळावर गेला आणि तोंडून तेच आलं... दुसरं काय येणार? आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की हेच म्हणतात. गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याचं ऐकून दुसरा. आबांनी मान वर करून पाहिलं.

त्यानंतर आबांनी 'बठ्ठं' हा शब्दच टाकून दिला. जन्मभर अहिराणी बोललेला माणूस "सगळं आवरलं का", "सगळे जेवले का" असं तालुक्याच्या साहेबासारखं बोलू लागला. "आबा, आसं काय बोलतस तुम्ही?" सुमननं विचारलं. "तो शब्द आते मना नही राहिना, पोरी," ते म्हणाले. मना म्हणजे माझा. लग्नाची कामंही सोडली. तरी ते रस्त्यानं निघाले की लोक कपाळावर हात मारून दाखवत. हसणाऱ्यांचं काय जातं!

सुमननं मला दाखवलेला तो बाजारातला व्हिडिओ कुणीतरी श्रद्धांजलीच्या मेसेजांबरोबरच तिला पाठवला होता. मिरचीच्या ढिगाजवळ आबा मटकन बसलेत, हात कपाळावर. भोवती माणसांचं कडं, मोबाइलच मोबाइल. "आबा, म्हना ना एकदाव!" एकजण ओरडतो, बाकीचे हसतात. त्या आवाजाची मला अजून चीड येते. आबांचे ओठ हलतात. सगळे गप्प होतात, मोबाइल जवळ सरकतात... सुमननं आवाज वाढवला.

"पानी," आबा म्हणतात.

कुणी जागचं हलत नाही. सगळे पुढच्या शब्दाची वाट पाहताहेत.