दिलीप आणि चावणारं मशीन

दिलीप गेला आणि वऱ्हाडाच्या यंत्रयुगाचा आधारस्तंभ कोसळला. हे वाक्य माझं नाही, अमरावतीच्या शोकसभेत एका वक्त्यांनी म्हटलेलं आहे. या वक्त्यांना मी पूर्वीही ऐकलं आहे. त्यांच्याकडे स्तंभ एकच. गरजेप्रमाणे ते तो सहकारात, शिक्षणात किंवा यंत्रयुगात उभा करतात आणि पाडतात. दिलीप सभेत असता तर त्याचं भाषणाकडे लक्ष नसतं. माइक सारखा गुणगुणत होता, आणि तो स्टेजमागे जाऊन वायरी हलवत बसला असता...

मला बातमी अकोल्याला शोभाच्या फोनने कळली. शोभा म्हणजे त्याची धाकटी बहीण. "दादा गेला," एवढंच ती म्हणाली. दिलीप माझा शाळेपासूनचा मित्र. पॉलिटेक्निकात वीज शिकवून निवृत्त झाला, पण वीज त्याच्यातून निवृत्त झाली नाही. नम्रपणा त्याला माहीत नव्हता. आपल्याला यातलं कळतं हे तो लग्नाच्या पंगतीत, वरण वाढणाऱ्यालाही सांगे. लोक डिकीत स्टेपनी ठेवतात, हा ट्रान्सफॉर्मर ठेवायचा. "लागते कधी कधी," म्हणायचा. कधी लागल्याचं मी पाहिलं नव्हतं, शेंदूरजनाघाटचा तो दिवस येईपर्यंत.

शोभाने तिथे संत्र्यांची प्रतवारी करणारं मशीन घेतलं होतं. फळ पट्ट्यावरून जातं, मशीनमधला कॉम्प्युटर त्याचं वजन बघतो आणि ज्या त्या वजनाच्या कप्प्यात ढकलतो. बाईने बाग सांभाळावी, मशीनच्या नादी लागू नये, असं तिच्या दिरांचं मत होतं आणि ते मत कमी आवाजात मांडण्याची त्या घरात पद्धत नव्हती. पहिल्याच हंगामात, फळ तोडून आलेलं, ट्रक आवारात उभा, आणि मशीनमधला कॉम्प्युटर जळाला. नवा परदेशातून येईल, तारीख सांगता येत नाही, असं कंपनीने कळवलं. शोभाने हार मानली नाही. अमरावतीहून साधा, टेबलावरचा कॉम्प्युटर आणवला, त्यात प्रोग्राम चढवून घेतला आणि तो मशीनच्या पॅनेलमध्ये बसवला. शिवाय मांडव घालून उद्घाटनही ठेवलं, म्हणजे दिरांनाही दिसेल. मी आणि दिलीप पाहुणे म्हणून गेलो.

प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली, नारळ फोडला. कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातलेला होता, नेमका त्याच्या हवेच्या जाळीवर. बटण दाबलं आणि मशीन खरंच चाललं! संत्री गडगडत येत आणि शिस्तीत आपापल्या कप्प्यात पडत होती. टाळ्या झाल्या. शोभाचे डोळे भरून आले. दिलीप मात्र टाळी वाजवत नव्हता. फळ निवडणाऱ्या बायका चपला घालून, वर बारदान्याच्या घड्यांवर का उभ्या आहेत, हे तो बघत होता. त्याने त्यांच्यातल्या विमलबाईंना विचारलं.

"सकायी कॉम्प्युटर लावला तवापासून मशीन चावते, भाऊ," विमलबाई म्हणाल्या. "बारदान्यावर उभं रायलं का कमी चावते."

पुढे जे झालं ते दिलीपच करू जाणे. पाहुण्यांचं भाषण सुरू असताना त्याने मेन स्विच पाडला. मशीन थांबलं, माइक बंद पडला, पंखे थांबले. दीर एकमेकांकडे बघून हसले. शोभा धावत आली.

"दादा, आज नको. ट्रक जाऊ दे, उद्या कर काय करायचं ते."

"उद्या एखादी बाई चिकटली त मंग?" तो म्हणाला आणि पॅनेल उघडलं. त्याच्या चेहऱ्यावर चिंता नव्हती, हे कबूल करायला हवं. जत्रेत सोडलेलं पोर दिसतं तसा दिसत होता.

भानगड अशी होती. साध्या कॉम्प्युटरला घरातल्यासारखी वीज लागते: फेजने यायची, न्यूट्रलने परत जायची. या मशीनला तीन फेज आणि अर्थिंग होतं. मोटारींना न्यूट्रल लागत नाही, म्हणून ते मशीनपर्यंत कुणी ओढलंच नव्हतं. तेव्हा कॉम्प्युटर बसवणाऱ्या वायरमनने परतीची तार अर्थिंगला जोडली होती. त्याचं म्हणणं होतं, पॅनेलवरच्या गणपतीपुढचा झिरोचा बल्ब अर्थिंगवरच तर जळतो, इतके दिवस कुणाला काही झालं नाही.

"देवाचा बल्ब कितीसा करंट घेते?" दिलीप म्हणाला. "अन् देव सहन करते रे. या बायांनं काहून करावं?"

अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होता. कॉम्प्युटरची वीज जमिनीत नीट जात नव्हती, ती मशीनच्या अंगावर चढून बसली होती. आणि मग दिलीप डिकीकडे निघाला. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आल्यासारखा, जवळजवळ पळत. मशीनच्या स्विचच्या पुढून दोन फेज घेतले, मध्ये फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मर, त्यातून कॉम्प्युटरपुरती दोनशे तीसची वीज. तो स्विच पाडला की तीही बंद. अर्थिंग फक्त अर्थिंगच्या कामाला. हे सगळं तो तोंडाने मोठमोठ्याने शिकवत करत होता, आणि प्रमुख पाहुणे, जायचं सोडून, बॅटरीचा उजेड धरून उभे होते. देवाचा बल्बही त्याने नव्या जागी जोडून दिला.

मशीन सुरू झाल्यावर विमलबाईंनी चपला काढल्या, बारदाना पायाने बाजूला सारला आणि पत्र्यावर अख्खा तळहात ठेवला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"नाही चावत," त्या म्हणाल्या.

ट्रक दिवेलागणीला गेला. दीर ताडपत्री बांधायला आले होते.

परवा शोभाकडे गेलो. मनात होतं, त्या पॅनेलसमोर दोन मिनिटं शांत उभं राहावं. ट्रान्सफॉर्मर आत बारीक गुणगुणत होता. पॅनेलच्या माथ्यावर दिलीपच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं आहे: यावर काहीही ठेवू नये. अक्षर पूर्ण वाचता यावं म्हणून मला बायकांचे जेवणाचे डबे उचलावे लागले. ट्रान्सफॉर्मरच्या उबेने तिथे भाकर गरम राहते, असं विमलबाईंनी सांगितलं. राहते.