पहिल्या चित्रातला पोशाख

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. कबूल? बघा, आत्ताच ओठ हलले तुमचे!

तर ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, आमच्या औरंगाबादेतली. हे तहसील कचेरीत, महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर. घरात मी आणि माझं शिवणाचं हातमशीन. मला वेडं दोनच. वाचनालयातून कादंबऱ्या आणायच्या आणि त्यांतल्या नायिकांचे कपडे शिवायचे. कुणा लेखकानं नुसतं लिहावं, की ती फुग्यांच्या बाह्यांचं पोलकं घालून गच्चीवर आली, की दुसऱ्या दिवशी मी तस्संच पोलकं घालून आमच्या गच्चीवर हजर! नायिकेला तिथं नायक भेटायचा. मला वाळत घातलेले पापड भेटायचे. पण पोलकं हुबेहूब!

आमच्या शेजारी हाजरा आपा राहायच्या. भिंतीला भिंत, आणि मनाला मन. त्यांची लेक कनीज माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली, मला मौशी म्हणायची. गुणी पोर! तिला बघायला जालन्याहून माणसं येणार असं ठरलं, आणि आपा एक पुस्तक घेऊन माझ्याकडं आल्या. उर्दू गोष्टींचं, जुनं, कडा झिजलेलं.

"भाभी, ही किताब कनीजची लई लाडकी. लहानपणी हिच्याशिवाय जेवायची नाय. यातल्या पहिल्या तस्वीरीत शहजादी हाय. तसाच कपड्यांचा जोडा शिवा पोरीला. घर लई चांगलं हाय हो! मुलाची दादी जे म्हणल ते होतं तिथं. तिला पोरगी आवडली की झालं."

"उर्दू तुमाला येतीच की," असंही त्या जाताजाता म्हणाल्या.

आता इथं पाणी मुरतंय, ऐका. राज्यातला सगळा कारभार उर्दूतून. ह्यांना उर्दू घडाघडा यायची. मला बोलायला यायची, वाचायला मात्र एक अक्षर नाही! पण मागं कधीतरी आपांसमोर मी फुशारकी मारली होती, "वाचते की थोडं थोडं!" आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू? आणि हे नेमके वैजापूरकडं फिरतीला.

म्हटलं, चित्र बघायला अक्षर कशाला लागतं? मांडी घालून बसले, पुस्तक उघडलं. पहिलंच चित्र, रंगीत! काळाभोर पायघोळ झगा, वटवाघळाच्या पंखांसारख्या बाह्या, काठाला चंदेरी विजा. केस मोकळे. खांद्यावर पक्षी बसलेला.

आता खरं सांगते, शहजादी दिसायला जरा उग्रच होती. दोन दात ओठाबाहेर आलेले. पण चित्रकाराचा हात हलला असेल! पक्षी मला घुबड वाटला क्षणभर. मग म्हटलं, छे, राजघराण्यातली माणसं ससाणे पाळतात, हा ससाणाच. माणसानं एकदा ठरवलं ना, की मग घुबडाचासुद्धा ससाणा होतो.

एकच गोष्ट खटकत होती. मुलगी दाखवायला काळं?

गुलमंडीवर एका म्हाताऱ्या चाचांचं कापडाचं दुकान होतं, तिथं गेले. म्हटलं, "चाचा, काळं रेशीम दाखवा. घरातल्या मुलीला बघायला येणार आहेत."

चाचांनी माझ्या कुंकवाकडं बघितलं. रेशमाकडं बघितलं. "काळं?" एवढंच म्हणाले, आणि अदबीनं कापड फाडून दिलं.

मी खूश! चाचा एवढे नमाजी, अनुभवी माणूस. काही वावगं असतं तर बोलले नसते का? म्हणजे यांच्यात काळं चालतं! चाचा तिकडं काय म्हणाले ते मला पुढं कळलं. घरी जाऊन बायकोला म्हणाले, "मराठी लोकांत मुलगी काळ्या कपड्यात दाखवतात, आज कळलं मला."

आता बोला!

मी जीव ओतून शिवलं हो. एकेक वीज चंदेरी टिकल्यांनी भरली. बाह्यांना आतून वेत घातला, पंख ताठ राहावेत म्हणून. शेवटची टिकली लावली तोवर पाहुण्यांचा दिवस उजाडला होता. बोचकं घेऊन धावतच गेले, आणि आपांच्या पुढ्यात झगा उलगडला.

आपांचा चेहरा पांढराफटक! मला वाटलं, आनंदानं.

"भाभी... हे..."

"पहिल्या चित्रातला! हुबेहूब!"

आपांनी कनीजकडं बघितलं. कनीजनं झग्याकडं, मग माझ्या टिकल्या टोचून सुजलेल्या बोटांकडं. दारात टांगा थांबल्याचा आवाज आला.

"लई खूबसूरत हाय, मौशी," पोरगी म्हणाली आणि झगा घेऊन आत गेली.

जालन्याच्या बायका बसल्या. मधोमध दादी, पान चघळत. कनीज बाहेर आली. वेताचे पंख दाराच्या चौकटीत अडकले, तर बिचारी अंग तिरकं करून आली. दादीचं पान तोंडात थांबलं.

"बेटी, ये क्या पहनी तू?"

कनीजची मान खाली. मला राहवेना. माझ्या कलेचं कौतुक व्हायची वेळ आणि सगळे गप्प?

"पुस्तकातलं आहे, दादीजी! शहजादीचा पोशाख!" असं म्हणत मी घरी पळाले, पुस्तक आणलं आणि त्यांच्या मांडीवर उघडून धरलं. "हे बघा, पहिलं पान!"

दादीनं माझ्याकडं बघितलं. पुस्तक मिटलं, पालथं केलं आणि दुसऱ्या बाजूनं उघडलं. पहिलं पान! हिरव्या-सोनेरी पोशाखात गोड चेहऱ्याची शहजादी बसलेली, हातात गुलाब.

"शहजादी ये है, बाई. उर्दू किताब इधर से खुलती. वो तेरी तो जादूगरनी है. आखरी पन्ने पे जल के मरती!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. कनीजची सोयरीक माझ्या हातानं मोडली! डोळ्यांना धारा लागल्या. आपा खाली बघत होत्या.

दादीनं कनीजला जवळ बोलावलं. "तेरे कू मालूम था?"

"जी. बचपन से."

"फिर पहनी कायकू?"

"मौशीनं इत्ती मेहनत केली," कनीज म्हणाली. "ना कैसे बोलूं?"

आणि दादी हसायला लागली! पदरात तोंड खुपसून, ठसका लागेपर्यंत. मग अख्खी खोली हसली. रडतारडता मीही.

"बात पक्की," दादी डोळे पुसत म्हणाली. "पडोसन का दिल रखने कू जादूगरनी बन गई. ऐसी बहू कहाँ मिलती?"

मी कनीजला त्या पंखांसकट मिठीत घेतलं. पोटच्या पोरीपेक्षा वेगळी नव्हतीच ती मला. त्या भरात मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "लग्नाचा जोडाही मीच शिवणार! आता बरोबर बाजूनं उघडीन!"

"हौ हौ, क्यों नई," आपा गोड हसल्या. औरंगाबादचं माणूस तोंडावर नाही म्हणतच नाही!

दुसऱ्या दिवशी आपा आमच्याकडं आल्या. चहा घेतला. मशीनजवळ बसून त्याच्यावरून मायेनं हात फिरवला. निघताना बुरखा सावरला, दुवा दिली आणि गेल्या. मी हिरवं कापड घेऊन शिवायला बसले, तर मशीनचं हँडल गायब!

तशीच शेजारी गेले. आपांनी हँडल उशाखालून काढून दाखवलं आणि पुन्हा तिथंच ठेवलं.

"अमानत समजा, भाभी. शादी होऊ द्या, मग मिठाईबरोबर आणून देते."

दोन दिवसांनी हे फिरतीवरून परतले. मी गुमान बसून ह्यांच्या सदऱ्याला हातानं बटण लावत होते.

"काय गं? मशीन बिघडलं का?"

"नाही," मी म्हटलं. "जप्त झालंय."