‘अक्षता’ नावाची डिस्क

ही गोष्ट माझ्याकडून खरी अशी कुणीच ऐकलेली नाही. खोटी ऐकलेले नेकनूर भागात पुष्कळ आहेत. बातमीदारीत पहिल्याच आठवड्यात शिकवतात — कोणी केलं, ते आधी लिहा. मी मात्र इतकी वर्षं एवढंच म्हणत आलो की डिस्क गेली. कोणी घालवली?

थोडं मागून सांगावं लागेल.

बालाजी माझा शाळेपासूनचा मित्र. नेकनूरला त्याचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो तो काढायचा आणि त्याची बायको शोभा कॉम्प्युटरवर त्यांचे अल्बम करायची. मी बीडला एका दैनिकात. आमच्या कार्यालयातलं एखादं मशीन अडलं की मलाच हाक मारत, म्हणून मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा एक समज पसरला होता. तो मी कधी खोडला नाही.

लग्नाच्या फोटोंचं इकडे आणखी एक काम असतं. माणूस गेला की तेराव्याला हार घालायला फोटो लागतो, आणि जुन्या माणसांचा एकट्याचा असा फोटो बहुधा नसतोच. मग घरचे स्टुडिओत येतात. अमक्याच्या लग्नात आमचा बाप आहेर करताना उभा होता, तेवढा बघा म्हणतात. शोभा तो शोधायची. शेजारच्याचा खांदा पुसायची, अर्धे मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोवरून आणून उघडायची, मागे निळा रंग भरायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बालाजी गिऱ्हाइकांना म्हणायचा, ‘आमच्या हिच्याकडं माणूस मेल्यावरच देखणा होतो.’ ती हसायची आणि काम चालू ठेवायची.

ही सगळी लग्नं एकाच हार्ड डिस्कवर होती. बालाजीनं तिला नाव दिलं होतं ‘अक्षता’. दुसरी प्रत नव्हती. घरोघरी दिलेल्या सीड्या केव्हाच खराब झाल्या होत्या. आसपासच्या गावांतली कितीतरी मेलेली आणि मरायची माणसं त्या एका डिस्कवर होती — हे मला माहीत होतं. हे मला माहीत होतं, एवढं लक्षात ठेवा.

एका सकाळी बालाजीचा फोन आला. डिस्क मध्येच दिसते, मध्येच गायब होते. मी बीडमधून तेवढ्याच क्षमतेची, त्याच बनावटीची नवी डिस्क घेतली आणि गेलो. शोभानं मला सगळं नीट सांगितलं, डॉक्टरला सांगावं तसं. ‘भाऊजी, सकाळी लई अडकलं. काहीच हलंना, म्हणून मी भिंतीवरचं बटनच बंद केलतं. नंतर चालू झालं, पण मग असं करायलंय.’

अशा वेळी काय करायचं असतं? आधी वायर बदलायची. मग ज्या कार्डावर डिस्क जोडलेली असते, तो कंट्रोलर तपासायचा. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून पाहायची. आवाज ऐकायचा — मरायला टेकलेली डिस्क टकटक करते. ही करत नव्हती. ती शांत फिरत होती. मला दुपारी पाटोद्याला एका सभेची बातमी करायची होती. मी वायर बदलली नाही. डिस्क म्हातारी झालीय, मरायच्या आत नवीवर उतरवून घेऊ, असं मी जाहीर केलं. आणि उतरवण्याचं काम सुरू केलं.

उतरवून घेणारा प्रोग्राम दोनच गोष्टी विचारतो. कुठून घ्यायचं आणि कुठं लिहायचं. दोन्ही डिस्का एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. मी निवड केली आणि ‘हो’ दाबलं. मग पडद्याकडे पाहिलं. ‘कुठं लिहायचं’ याच्यासमोर नाव होतं — अक्षता.

कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरत होती.

काम किती झालं ते दाखवणारी पट्टी नुकतीच हलली होती. तिथंच थांबवलं असतं तर बहुतेक सगळं वाचलं असतं. पुण्यात अशा डिस्का उघडून आतलं काढून देणारे असतात, मी त्यांच्यावर बातमीही केलेली होती. माझा हात माऊसवर होता. तेवढ्यात बालाजी चहा घेऊन आला आणि माझ्या खुर्चीमागं उभा राहिला. थांबवायचं तर का थांबवलं ते सांगावं लागलं असतं. मी हात काढला. कप घेतला.

चूक झाली होती ती आधी. त्यापुढचं आपोआप झालं नाही — मी होऊ दिलं. पट्टी शेवटाला जाईपर्यंत मी तिथं बसलो. बालाजीशी त्याच्या नव्या कॅमेऱ्याबद्दल बोललो. सभेला जायची घाईही मग राहिली नव्हती. मला काय वाटत होतं? आठवायचा प्रयत्न केला आहे. काहीच वाटत नव्हतं. चहात साखर जास्त होती, हे आठवतं.

मग मी म्हणालो, ‘नाही वाचली.’

‘कावून?’ बालाजीनं विचारलं.

मी म्हणालो, ‘चालू मशीनचं बटन बंद केलं की असं होतं.’

एवढंच. मी शोभाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, तिनं स्वतःच सांगितलेलं होतं. बालाजीनं तिच्याकडं पाहिलं. तो ओरडला नाही. ‘सांगितलं होतं न्हाई का तुला,’ एवढंच म्हणाला. ती माझा रिकामा कप उचलून आत गेली.

नंतर बालाजीनं नवं मशीन घेतलं. शोभा त्यावर बसली नाही. अल्बम बीडला करून घेऊ लागले.

पुढच्या वर्षी मी असाच तिथं बसलो होतो. बालाजी गिऱ्हाइकाचे फोटो कापत होता, शोभा पाणी द्यायला आली होती. एक म्हातारे बाबा आले. बायको गेली होती. पुतणीच्या लग्नात ती मांडवात मागं उभी होती, पिवळं लुगडं होतं, तेवढी काढून द्या म्हणाले. बालाजीनं मान खाली घातली. उत्तर शोभानं दिलं.

‘बाबा, ते न्हाई आता. माझ्याकडून गेलं.’

‘आधार कार्डावरचा हाय,’ बाबा म्हणाले, ‘पण त्यात ती ती वाटत न्हाई.’ मग तिच्याकडं बघून म्हणाले, ‘असू दे माय. तू काय मुद्दाम केलंस का.’

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. बोलायला याहून चांगली वेळ कोणती असते? मी मोबाईल काढला आणि आलेले निरोप वाचू लागलो. कार्डावरच्या फोटोवरून बालाजीनं काहीतरी करून दिलं. कडा वेड्यावाकड्या कापल्या गेल्या. शोभानं ते पाहिलं. तिचा हात जरासा पुढं झाला आणि परत गेला. बाबा फोटो पिशवीत घालून बसकडं गेले.

त्या दिवसानंतर किती घरी असा फोटो लागला असेल, कितीजणांना तिनं हेच उत्तर दिलं असेल, मी विचारलेलं नाही. शोभा अजून मला भाऊजी म्हणते. गेलो की चहा करते.

आणखी एक राहिलं. त्या दिवशी निघताना, ‘बघतो काही जमतं का’ म्हणून मी दोन्ही डिस्का घेऊन आलो होतो. घरी आल्यावर ‘अक्षता’ दुसऱ्या वायरीनं माझ्या मशीनला जोडली. ती लगेच दिसली. मध्येच गायब झाली नाही. वायर खराब होती, डिस्क नव्हती. ती कोरी होती आणि ठणठणीत होती.

अजूनही आहे. माझ्या बातम्या मी तिच्यावरच ठेवतो. हेही तिच्यावरच ठेवलं आहे.