उरलेली फेरी

वरकुट्याजवळच्या माळावर आम्हा हौशी लोकांची दोन दिवसांची कार रेस होती. फसलेल्या गाड्या ओढून काढायला एका ट्रॅक्टरवाल्या आबांना बोलावलं होतं. त्यांचं नावही मी विचारलं नाही, याची आता लाज वाटते. तिसऱ्या वळणाशी ते मडगार्डवर बसून असायचे, साखळी मांडीवर. एखादी गाडी फार जोरात येताना दिसली, की ती घसरायच्या आधीच टोपी सारखी करून उठायचे.

शनिवारी माझी वेळ सगळ्यांत कमी होती. बारामतीला घरी फोन करून मी पेढे आणायलासुद्धा सांगितले. रविवारी शेवटच्या फेरीत आबा उठलेले मला दिसले, आणि पुढच्या क्षणी माझी जुनी लाल स्पोर्ट्स कार शेजारच्या मक्यात होती.

रडू आवरत मी म्हटलं, "आबा, गाडी घरी न्यायचा टेम्पो उभा आहे, थेट तिकडं न्या."

त्यांनी साखळी अडकवली आणि ट्रॅक्टर सरळ ट्रॅकवर घातला. उरलेली अख्खी फेरी बैलगाडीच्या चालीनं. लोक शिट्ट्या मारत होते. मी मान खाली घालून स्टिअरिंग धरलं होतं. शेवटची रेघ ओलांडली तेव्हाच ते थांबले.

"शर्यतीत बैल भरकटला तरी आमी त्याला रेघंपातूर चालवत न्हेतो," साखळी गुंडाळत ते म्हणाले. "तितनंच माघारी न्हेला, तर पुढच्या येळंला त्याच जागंला बुजतो."

"पण आबा, गाडी कशी बुजेल?"

"गाडीचं कोण बोलतंय, ताई?"