फ्लेक्सवरचा तांब्या

फ्लेक्सचा मला मनस्वी राग आहे. धुळ्याहून शिंदखेड्याकडे निघा, प्रत्येक चौफुलीवर तो फडफडत असतो. वाढदिवस असो की दहावा, छपाई तीच, झालर तीच. माणसांची मुंडकी कापून दुसऱ्यांच्या धडावर चिकटवलेली, कुणाचा कान गेलेला, कुणाचा खांदा शेजाऱ्याच्या पोटातून निघालेला. नवरा म्हणतो, तू बसमध्ये डोळे मिटून बसत जा. मी का मिटू? डोळे हेच तर माझं काम आहे.

जळगावात एका शाळेत मी चित्रकला शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन हिंडते. लग्नाचे फोटो काढत नाही, पुढाऱ्यांचे तर नाहीच. मला आवडतात ती न जुळवता जुळलेली दृश्यं. यावलच्या स्टँडवर एकदा बाकाच्या एका टोकाला एक म्हातारा बसला होता, दुसऱ्या टोकाला त्याचं बोचकं. मधला बाक अख्खा रिकामा. म्हातारा उठला तर बाक बोचक्याच्या बाजूला कलंडेल असं वाटत होतं. असं काही दिसलं की माझा दिवस चांगला जातो. मात्र कॅमेरा दिसला की आमचे लोक ताबडतोब नीट व्हायला लागतात. टोपी सरळ, पदर सरळ, बाज उचलून आत, प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर. जे टिपायचं होतं ते गेलेलं असतं, आणि वर विचारतात, "काढला का?"

एकच बाई अशी होती की तिच्या घरात मला काही बदलायला सांगावं लागलं नाही. अक्का, माझी मोठी काकू. आईवडील गेल्यापासून माहेर म्हणजे तिचंच घर, शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यात. मातीच्या धाब्याचं घर, आणि पुढच्या खोलीत दारासमोरची अख्खी भिंत भांड्यांची. वरच्या फळीवर पितळी हंडे आणि घागरी, खाली उतरत्या मापाचे डबे, त्याखाली भिंतीला टेकवून उभी ताटं, आणि सगळ्यांत खाली तांबे. दारातून येणारं ऊन सकाळी त्या भिंतीवर पडे. अक्का एक भांडं ठेवायची, दोन पावलं मागे यायची, मान तिरपी करून बघायची, आणि परत जाऊन ते बोटभर सरकवायची. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्या घरी असंच करतात. पुढे चित्रकलेच्या वर्गात तोल, लय, मोकळी जागा असले शब्द फळ्यावर आले तेव्हा मला त्या भिंतीची आठवण झाली.

काका गेल्यावर तर ती भिंत म्हणजे तिचं राज्यच होतं. शेत मुलाच्या हातात गेलं, चूल सुनेच्या हातात गेली. भिंत तिची राहिली. सून भली आहे, कधी एका ताटाला हात लावला नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, तशी मीही दरवर्षी जाते. काही वर्षांपूर्वीच्या आखाजीला अक्कानं भांडी उतरवून चिंच आणि राखेनं घासली होती, पुन्हा मांडली होती, आणि सकाळचं ऊन आत आलं होतं. मी कॅमेरा लावला. सगळ्यांत खालच्या ओळीत एक तांब्या जरा कलला होता. काकांचा तांब्या तो. कधीतरी विहिरीवर पडून त्याच्या बुडाला पोचा आलेला. पोचा मागे जाईल असा फिरवून ठेवला तरच तो सरळ बसे, आणि ती खुबी अक्कालाच साधली होती. ती पुढे झाली. मी म्हटलं, अक्का, एक मिनिट राहू दे तसाच. कारण सगळ्या ताठ रांगांत त्या एका तांब्यामुळे भिंत जिवंत दिसत होती, कुणी आत्ताच पाणी पिऊन गेल्यासारखी. अक्का थांबली. तिच्या हाताची बोटं मात्र हलत होती. मी फोटो काढला, आणि तिनं लगेच जाऊन तांब्या सरळ केला.

तो फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, तो बरेच दिवस स्टेटसला ठेवला. मला बरं वाटलं होतं. तेव्हा काय माहीत.

भाऊनं पुढे धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं. यात मला काही म्हणायचं नाही. माती पावसाळ्यात कुणाच्या डोक्यावर पडते ते शहरातून येणाऱ्यांनी बोलू नये. या आखाजीला मी पहिल्यांदाच नव्या घरात पाऊल टाकलं. फरशी, खिडक्या, किचन ट्रॉली, सगळं लखलखीत. आणि दारासमोरच्या भिंतीवर, त्याच जागी, माझा फोटो. फ्लेक्सवर.

क्षणभर मला ओळखूच आला नाही. भिंत रुंद आणि फोटो अरुंद, म्हणून छापणाऱ्यानं तो दोन्ही बाजूंनी ताणला होता. डबे भोपळ्यासारखे पसरले होते, ताटं अंड्यासारखी झाली होती. भोवती गुलाबाची झालर. वर सोनेरी अक्षरांत "माय हाच आमचा अभिमान" आणि कोपऱ्यात हात जोडलेला भाऊ, गॉगल लावून. खाली ताणून जाडजूड झालेला काकांचा तांब्या, कललेलाच.

मी विचारलं, भांडी कुठे आहेत. भाऊ हसतच म्हणाला की डबे ट्रॉलीत मावले तेवढे ठेवले, पितळेचं सगळं मोडीत घातलं. मी विचारलं, अक्काला विचारलं होतं का. तो म्हणाला, विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून नाही विचारलं. घासून घासून तिची कंबर गेली होती, डॉक्टरनं वाकायचं नाही सांगितलं होतं. हे सगळं तो अगदी मायेनं सांगत होता. मग सगळं जागच्या जागी असल्यासारखा त्यानं भिंतीकडे हात केला.

"देख, बठ्ठं व्हतं तसंच शे. आते धूळनं टेन्शनच नही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुष्ट माणसाशी भांडता येतं. पण चांगुलपणानं घाण करणाऱ्याशी कसं भांडावं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. तरी मी भांडले. म्हटलं, कंबर गेली तर फळ्या खाली घ्यायच्या होत्या, घासायला बाई लावायची होती. तिच्या हाताखालची एकच गोष्ट उरली होती, ती तू भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवलीस आणि तिच्या जागी स्वतःचा गॉगल लावलास. भाऊचं तोंड उतरलं. मग तो जे म्हणाला ते माहेरी गेलेली प्रत्येक बाई ओळखेल. तू चार दिवसांची पाहुणी, इथं आम्हाला राहायचं आहे. वहिनी चहा घेऊन आली आणि भांडण तिथंच थांबलं. लेकीनं माहेरी झोका खेळावा, आंबे खावेत, गाणी म्हणावीत. भिंतींवर तिचा हक्क नसतो, मग ती भिंत बघूनच ती चित्रं काढायला शिकलेली का असेना.

अक्का या सगळ्यात कुठे होती? बाजूच्या खोलीत पलंगावर. सगळं ऐकत होती. मला तिचाही राग आला. आयुष्यभर त्या भिंतीसाठी जीव टाकलास आणि आता तोंड का शिवलंस, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी आखाजी. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसासाठी घागर भरतात. मातीची नवी घागर पाण्यानं भरायची, तिच्यावर लहान मडकं, त्यावर खरबूज, ज्याला आम्ही डांगर म्हणतो. वहिनी पुरणाचं बघत होती. मी घागर धुऊन पुढच्या खोलीत आणली तर अक्का फ्लेक्ससमोर उभी होती. कंबरेवर एक हात, मान तिरपी. नव्या खिडकीतून आलेलं ऊन त्या चकचकीत कापडावर पडून डोळ्यांवर येत होतं. ती खाली वाकली. डॉक्टरनं वाकायचं नाही सांगितलं होतं, तरी वाकली. तांब्यावर तिनं हात ठेवला आणि बोटांनी तो फिरवायला लागली, पोचा मागे जाईल असा. कापडाला सुरकुती पडली. हात काढला की सुरकुती जाई आणि तांब्या होता तसा. तिनं पुन्हा एकदा करून पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"हाऊ फोटो तुना हातना शे. तूच येले नीट करी दे."

मला सगळं आठवलं. त्या दिवशीची तिची हलणारी बोटंही. घर बांधून झाल्यापासून ती त्या पलंगावर बसून दारातून हा एक कललेला तांब्या बघत होती. तो सरळ करता येत नव्हता, आणि ती ते कुणाला सांगतही नव्हती. संगणकावर मी तो सरळ करून दिला असता, फार वेळ लागला नसता. मग भाऊनं नवा फ्लेक्स छापून आणला असता.

मी घागर खाली ठेवली. फ्लेक्सचा एक कोपरा धरला आणि ओढला. खिळे सुटले, गुलाबाची झालर फाटली. आवाज ऐकून भाऊ अंगणातून धावत आला, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली. मी थांबले नाही. दुसरा कोपरा ओढला, आणि सगळं कापड गॉगलसकट खाली आलं. मी ते गुंडाळून दाराबाहेर टाकलं. भाऊ अक्काकडे पाहून म्हणाला, "अक्का, तू काही बोलस का नही हिले?"

अक्कानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. भिंत कोरी होती. नवा पिवळा रंग, खिळ्यांची भोकं. तिनं मला घागर तिथं मांडायला सांगितली, भिंतीला लागून, जमिनीवर. मी मांडली. वर मडकं ठेवलं, मडक्यावर डांगर. अक्का दोन पावलं मागे गेली, मान तिरपी करून पाहिलं, पुन्हा पुढे आली आणि घागर बोटभर डावीकडे सरकवली. ऊन बरोबर डांगरावर आलं. एवढ्या मोठ्या रिकाम्या भिंतीला ती एक घागर पुरली.

माझा कॅमेरा पिशवीत होता. मी तो काढला नाही. मागे भाऊनं मात्र खिशातून फोन काढला आणि दोन्ही हातांनी वर धरला.

"भाऊ," मी म्हटलं, "तो फोन खिसामा ठेव."