तिसऱ्या वर्षाची जागा

हैदराबादला पदवीसाठी मी भौतिकशास्त्र घेतलं होतं, तेही यंत्रविद्येच्या अंगानं. शाळा सगळी उर्दूत झालेली. उष्णतेला हरारत म्हणत वाढलेला मी, आणि निजामाचं राज्य गेल्यावर कॉलेजात एकदम इंग्रजी! पहिलं वर्ष नुसतं रडण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी एकदा गॅल्व्हानोमीटरचा काटा, मी गणितानं जो आकडा काढला होता, नेमका तिथंच येऊन थांबला. जमलं बुवा, म्हटलं. आता मेलो तरी हे सोडायचं नाही.

तेवढ्यात भाषेप्रमाणे राज्यांची वाटणी होणार अशी बोलणी सुरू झाली. राज्याच्या उत्तर टोकाला, वांकिडीजवळच्या आमच्या गावात सगळे मराठी. सोयरिकी चांद्याकडच्या, कापूसही तिकडंच जायचा. बाबांची खात्रीच पटली.

“आपुन नागपुराकडंच जानार. मंग तू तिकडं परक्यात काऊन शिकून राह्यला?”

“एकच वर्ष राह्यलं, बाबा. सीमा तं ठरू द्या.”

“ठरल्यावर समदेच धावतीन. तवा जागा भेटन का? आताच जाय.”

गावात ज्याला त्याला हेच वाटत होतं. ठरलंय कुठं, कोणी सांगितलं, हे एकानंही विचारलं नाही. बाबांपुढं माझं काय चालणार? हैदराबादच्या कॉलेजातून नाव काढून मी नागपूर गाठलं. तिथले म्हणाले, सीमा ठरू द्या, मग तिसऱ्या वर्षाला घेऊ. तोवर प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून मी दुसऱ्यांचे प्रयोग बघायचो. हात नुसते शिवशिवायचे.

सीमा ठरली. शेजारचं राजुरा नागपुराकडं गेलं, आमचं गाव आंध्रात राहिलं. नागपूरवाले म्हणाले, तुम्ही दुसऱ्या राज्याचे. हैदराबादवाले म्हणाले, तुमची जागा भरली. घ्या! दोन्ही दारं बंद.

घरी आलो तेव्हा बाबा शेतात कापूस वेचत होते. मी सगळं सांगितलं.

“आता काय करतं बापा तू?” त्यांनी विचारलं.

“कापूस येचतो,” मी म्हणालो आणि वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधली.

बाबा मटकन बांधावर बसले आणि हंबरडा फोडून रडायला लागले. शेजारच्या शेतातली माणसं धावत आली. शिक्षण माझं बुडालं होतं, आणि सगळे बाबांची समजूत घालत होते. मलाही घालावी लागली. “जाऊ द्या बाबा, होते असं,” असं मी म्हणत राहिलो. त्यांचा इतका संताप आला होता मला! ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, तो अजून गेलेला नाही.